मदत हवी आहे: ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करतोय, गीझरचा बायपास सापडत नाही

मंडळी, आम्ही मिनेसोटात राहतो. यंदा जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, तो आता वसंतापर्यंत अंगणातच उभा राहणार. इथे जानेवारीत पारा उणे 20 सेल्सियसच्या खाली सहज जातो. पाइपमध्ये राहिलेलं पाणी गोठून फुगलं की फिटिंग तडकतात, म्हणून थंडी पडायच्या आत सगळं उरकायचंय.

टाक्या रिकाम्या केल्या, खालचे ड्रेन उघडले, गीझर गार झाल्यावर त्याचा प्लग काढला. प्लगला लागून असलेला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) गंजून पार तारेसारखा झालाय, तो बदलणारच आहे. आता पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ नळांत खेचायचं (थंडीत पाइप न फोडणारं द्रव, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं; रेडिएटरमधलं विषारी असतं, ते इथे चालत नाही). पण पलंगाखालची फळी काढून पाहिली तर गीझरला थंड-गरम असे दोन पाइप सरळ जोडलेत, मध्ये बायपासचा, म्हणजे गीझर वगळून पाणी थेट नळांकडे वळवणारा, व्हॉल्व्हच नाही! असंच चालवलं तर आधी 6 गॅलनची टाकी अँटीफ्रीझने भरणार, ते फुकट जाणार.

बायपास किट घरच्या घरी बसवता येतं का? कुणी बसवलंय? की कॉम्प्रेसरने हवा मारून भागतं? मारायची तर दाब किती ठेवता? पंपात आणि शॉवरच्या वळणांत पाणी अडकून राहतं, याची मला जास्त धास्ती आहे.

बॅटरी काढून तळघरात ठेवतोय. उंदरांसाठी काय करता, तेही सांगा. मुलांच्या गाद्या आतच आहेत.