नाताळात मुलांची दमछाक होते. सण आटोपशीर करावा का?

मूळ मत: दोन मुलांची आई, भुसावळ

गेल्या नाताळात आमच्या सहा वर्षांच्या मुलाने संडे स्कूलच्या नाटिकेत मेंढपाळाचे काम केले. डोक्याला बांधलेला चौकड्यांचा पंचा सारखा डोळ्यांवर घसरत होता, हातात आजोबांची काठी होती, आणि देवदूताने वार्ता सांगण्याआधीच तो गव्हाणीशेजारच्या कडब्यावर झोपी गेला. सगळे कौतुकाने हसले. मला मात्र रडू आले, कारण आधीच्या तीन रात्री साडेअकराच्या आत तो अंथरुणाला टेकला नव्हता, आणि त्याच दुपारी पिठीसाखरेचा डबा सांडला म्हणून मी त्याला मारले होते. समोर चार किलो शंकरपाळ्यांचे पीठ मळलेले, करंज्यांचे सारण व्हायचे, आणि यजमान रेल्वेत असल्यामुळे २४ तारखेच्या रात्रीची ड्युटी त्यांच्या वाट्याला आलेली. चूक त्या पोराची नव्हती.

माझे म्हणणे असे की, आपण सगळा सण दोन दिवसांत कोंबतो आणि त्याचा भार मुलांवर पडतो. आगमनकाळाचे, म्हणजे येशूजन्माच्या तयारीचे, चार रविवार नाताळापूर्वी येतात, आणि २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (ज्ञानी लोकांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याची आठवण) बारा दिवस हा आनंदाचाच काळ मानला जातो. मग फराळ त्या रविवारांमध्ये विभागावा, नातेवाइकांकडच्या भेटी २५ नंतर ठेवाव्यात, आणि दहा वर्षांखालील मुलांना रात्री नऊनंतर घरोघरच्या नाताळगीतांच्या फेरीला नेऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. ती सलग चार रात्री मोडली की पाचव्या दिवशी मूल हट्ट करणारच.

उत्तर: निवृत्त शिक्षक, नवापूर तालुका

ताई, आपली तळमळ समजते, परंतु मी आपल्याशी सहमत नाही. आमच्या गावातील निम्मी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. मुकादमाकडून चार दिवसांची सुटी मिळवून ती नाताळाला घरी येतात आणि पुन्हा फडावर परततात. त्यांनी बारा दिवस आणायचे कोठून? शिवाय आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आगमनकाळाचे रविवार पाळण्याची रीत नाही. ज्या मुलाने वर्षाचे सहा महिने उसाच्या पाचटाच्या खोपीत काढले, त्याच्यासाठी रात्रीची ती फेरी म्हणजे आपले गाव, आपली भाषा आणि चुलतभावंडे परत मिळण्याची वेळ असते. ढोलकी पुढे, कंदील मागे, दर अंगणात शेकोटी आणि ओंजळीत मूठभर शेंगदाणे. दमलेले मूल कोणाच्या तरी खांद्यावर झोपते. तो खांदा बापाचाच असतो असेही नाही. आपल्या नियमाने ते घरी राहील, आणि त्याच्याबरोबर त्याची आईही.

उत्तर: नोकरी करणारी आई, जळगाव

गुरुजी, त्या आईबद्दलच बोलू या. फेरीवरून आल्यावर पाहुण्यांसाठी चूल कोण पेटवते? मुलांची झोप मोडण्याचे मूळ मला फेरीत दिसत नाही. ते फराळाच्या परातीत आणि घरातील पुरुषांच्या रिकाम्या हातांत दिसते. आमच्या मुलांच्या शाळेला २५ तारखेची एकच सुटी असते. २४ ला मी कार्यालयातून सहाला घरी येते आणि तेव्हापासून चकल्या तळत बसले, तर मुलांवर ओरडण्यापलीकडे माझ्यात काही उरत नाही. त्यामुळे दोन वर्षांपासून आम्ही तीनच पदार्थ करतो, आणि करंज्या लाटण्याचे काम यजमानांचे. पहिल्या वर्षी निम्म्या करंज्या तेलात फुटल्या, तरी पाहुण्यांनी आवडीने खाल्ल्या.

भेटवस्तूंचेही तसेच. ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला ते संत निकोलस हे मायरा (आजच्या तुर्कस्तानात) येथील बिशप, आणि त्यांचा दिवस ६ डिसेंबर. आम्ही मुलांना त्या दिवशी एक लहानशी वस्तू देतो, म्हणजे २५ ची सकाळ ‘मला काय आणले?’ या प्रश्नाने सुरू होत नाही.

उत्तर: तीन मुलांचा बाप, धुळे

भेटवस्तू हलवणे मला पटत नाही. शेजारची मुले दिवाळीत नवे कपडे घालून मिरवतात तेव्हा आमची मुले बघत असतात. त्यांना त्यांच्या सणाच्या सकाळी, नव्या कपड्यांबरोबरच ती वस्तू हातात हवी असते. एवढा हट्ट पुरवल्याने घरात अशांती येत नाही. ऐपतीबाहेर खर्च करून नंतर कुरकुर केल्याने येते. रकमेची मर्यादा महिनाभर आधी मुलांनाच सांगून टाकावी, हे मी अनुभवाने सांगतो.

मूळ लेखिका

गुरुजी, ऊसतोडीच्या कुटुंबांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. बारा दिवसांची सोय पगारदार घरांनाच परवडते, हे मी मान्य करते. तरीही एक गोष्ट मी सोडणार नाही. मुले खांद्यावर झोपतात हे खरे, पण तो खांदा गावात मिळतो; आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये २४ च्या रात्री मी आणि दोन मुले एवढीच असतो. माझ्या सासूबाई असत्या तर त्या म्हणाल्या असत्या, ‘निजू द्या त्याले.’ ते म्हणणारे माणूस घरात नसले, की नियमच करावा लागतो. आणि जळगावच्या ताई, आपले पटले; यंदा मीही तीनच पदार्थ करणार आहे.

निवृत्त शिक्षक

ताई, क्वार्टरमधील एकटेपणाचे आपण सांगितले आणि मी थांबलो. फेरी बंद करावी असे मला अजूनही वाटत नाही. मात्र ती संध्याकाळी सहाला सुरू करता येईल. लहान मुलांची घरे आधी घ्यावीत, आठच्या सुमारास त्यांना जेवू घालून निजवावे आणि मोठ्यांनी पुढे जावे. येत्या रविवारी उपासनेनंतर मी हे पाळकसाहेबांपुढे मांडतो. अडचण एकच आहे. कापूस वेचून माणसे शेतातून परततात तीच सहाच्या पुढे, आणि शेवटची पाच घरे नाल्यापलीकडच्या वस्तीवर आहेत. तेथील पोरे गाणे ऐकल्याशिवाय झोपत नाहीत.