उतारावर बर्फ, ब्रेक दाबूनही गाडी थांबेना : मदत हवी आहे

घसरगुंडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गाडी चालवायला लागून बारा वर्षं झाली, पण बर्फातला हा पहिलाच हिवाळा. मुसळधार पाऊस, चिखल, धुकं सगळ्यातून गाडी काढली आहे, त्यामुळे "हळू चालवलं की झालं" अशा भ्रमात होते. परवा तो भ्रम उतरला.

सकाळी सातचा सुमार. आमचा रस्ता दोनेकशे मीटर उताराचा आहे. वरच्या टोकापासून खालच्या चौकापर्यंत तीन मजल्यांइतका फरक असेल. चौकात थांबायची रेघ. रात्री बर्फ पडून गेला होता आणि गाड्या जाऊन जाऊन दाबला गेला होता. माझा वेग ताशी २५, काट्याकडे बघितलेलं नक्की आठवतंय. रेघ पन्नासेक मीटरवर असताना ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडायला लागलं, खालून खर्रर्र आवाज, आणि गाडी आपली चाललीच आहे. मला वाटलं काहीतरी तुटलं. घाबरून पाय उचलला, परत दाबला, परत उचलला. शेवटी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी नाकासमोर सरळ. रेघ ओलांडून अर्धी गाडी चौकात गेल्यावर थांबली. चौक रिकामा होता म्हणून आज हा धागा काढता येतोय.

गॅरेजमध्ये दाखवली. ब्रेक ठणठणीत आहेत म्हणे. गाडी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणारी, एबीएस आहे. टायर गाडीबरोबर आले तेच, चार वर्षांचे.

तर जाणकारांनो, ताशी २५ हा वेगसुद्धा जास्त होता का? ते थडथडणं म्हणजे नक्की काय? आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी का वळली नाही? कामावर जायला दुसरा रस्ता नाही, रोज तोच उतार उतरायचा आहे. काल सुट्टी टाकली, आजही टाकली. असं किती दिवस चालणार? "बर्फात गाडी काढूच नका" हे घरच्यांनी सांगून झालंय, तो सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

जुना चालक

आधी ते थडथडणं. गाडी बिघडली नव्हती, तो एबीएसच काम करत होता. ब्रेक गच्च बसून चाक फिरायचं थांबलं की टायर नुसता घसरत जातो आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा देता येत नाही. म्हणून एबीएस एका सेकंदात अनेकदा ब्रेक सोडतो आणि धरतो. पेडलला हादरे बसतात ते त्याचेच. अशा वेळी पाय दाबून ठेवायचा, अजिबात उचलायचा नाही. तुम्ही उचललात, म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेतलंत. पहिल्यांदा सगळेच उचलतात, मीही उचलला होता.

दाब-सोड, दाब-सोड हे एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांचं तंत्र. तुमच्या गाडीत ते करू नका. मात्र एबीएस गाडी लवकर थांबवतोच असंही समजू नका. ताज्या भुसभुशीत बर्फात कधीकधी अंतर वाढतंसुद्धा, कारण अडकलेलं चाक पुढ्यात बर्फाचा ढीग लोटून त्यावर अडलं असतं, फिरणारं चाक त्यावरून निघून जातं. एबीएसचा खरा फायदा हा की स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं.

अर्धवट फिजिक्सवाला

तीन मजल्यांचा फरक लिहिलात ते बरं केलंत, त्यावरूनच सगळं उलगडतं. तीन मजले म्हणजे साधारण १० मीटर. दोनशे मीटरला १० मीटर म्हणजे ५ टक्के उतार.

कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक (रस्ता टायरला किती धरतो त्याचं माप) साधारण ०.७ धरतात. दाबलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास आणि घोटलेल्या, काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी. सपाट रस्त्यावर ताशी ५० ला नुसत्या ब्रेकचं अंतर कोरड्यात १४ मीटर येतं, तर ०.१ वर ९८. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. उताराचं गणित मात्र फारसं कोणी सांगत नाही. ५ टक्के उतार या गुणांकातून सरळ ०.०५ खाऊन टाकतो. कोरड्या रस्त्यावर ०.७ मधून ०.०५ गेले तर पत्ताही लागत नाही. पण ०.१ मधून गेले की हातात निम्मेच उरतात आणि थांबायचं अंतर दुप्पट होतं. उतार १० टक्के असता तर ब्रेक दाबून गाडी थांबलीच नसती. ताशी ५ नेसुद्धा नाही.

तुमचा हिशेब करून बघितला. ताशी २५, उरलेली पकड ०.०५. ब्रेकचं अंतर ४९ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, त्यात आणखी ७ मीटर. एकूण ५६. तुम्ही पन्नासेक मीटरवर ब्रेक लावलात आणि अर्धी गाडी रेघेपलीकडे गेली. बऱ्यापैकी जुळतंय!

आता वेग निम्मा करा, साडेबारा. अंतर चौथाई होतं, कारण ते वेगाच्या वर्गावर ठरतं. ब्रेकचे १२ मीटर आणि सेकंदाचे साडेतीन. म्हणजे वेग जास्त होता का, तर हो, आणि तो चौकाजवळ नाही, उताराच्या माथ्यावरच जास्त होता.

जुना चालक

वर हिशेब झकास मांडलाय. त्यात एक भर. चौकाच्या तोंडाशी रस्ता सगळ्यात वाईट असतो, कारण प्रत्येक गाडी तिथेच ब्रेक मारते आणि निघताना तिथेच चाकं फिरवते. घासून घासून बर्फाची काच होते. त्यामुळे ब्रेक आधी, वरच्या खरखरीत भागात लावायचा आणि शेवटचा टप्पा जवळपास रांगतच गाठायचा. गाड्यांच्या चाकोऱ्या काचेसारख्या चमकत असतील तर चाकं थोडी बाजूच्या न तुडवलेल्या बर्फात ठेवून बघा, पकड बरी मिळते.

ऑटोमॅटिकमध्ये एल (लो) किंवा खालचा गिअर माथ्यावरच टाका. अर्ध्या उतारावर एकदम दोन गिअर खाली उतरवलेत तर इंजिनच्या झटक्यानेही चाकं घसरू शकतात.

टायरपुराण

सगळे ब्रेकवर बोलताहेत, टायरबद्दल कोणी विचारणार आहे का? चार वर्षांचे आहेत. खाचा किती उरल्या आहेत? बाजूवर कोणती खूण आहे? डोंगराच्या तीन शिखरांच्या आत हिमकण असं चित्र असेल तर तो टायर बर्फातल्या पकडीच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसती एम आणि एस ही अक्षरं असतील तर त्याला फारसा अर्थ नाही, ती छापायला अशी चाचणी लागत नाही.

साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायर बदललेत तर चारही बदला. पुढचे दोनच बदलून पैसे वाचवलेत तर पुढचा भाग रस्ता धरेल आणि मागचा वळणावर तुम्हाला ओव्हरटेक करायला येईल.

घसरगुंडी

आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. फक्त एम आणि एस. खाचेत पट्टी घालून मोजलं, जेमतेम ३ मिलिमीटर. शेजारी म्हणतात टायर बदलण्यापेक्षा चारही चाकांवर चालणारी गाडी घ्या. :)

टायरपुराण

नवीन टायरला ८ च्या आसपास असतात. बर्फात ४ च्या खाली गेलं की मी बदलतो. कायद्याची किमान मर्यादा बऱ्याच देशांत १.६ आहे, पण ती बर्फाचा विचार करून ठेवलेली नाही.

शेजाऱ्यांना सांगा, चारचाकी ओढ गाडी हलवायला आणि चढायला कामाची. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात, थांबताना चौघांची पकड सारखीच. उलट अशा गाडीत निघताना काही जाणवतच नाही, म्हणून माणूस वेगात जातो. खड्ड्यात गेलेल्या अशा गाड्या बऱ्याच ओढून काढल्या आहेत.

रातपाळी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही. स्टिअरिंग फिरवूनही गाडी का वळली नाही? टायरला पकडीचा एकच पगार असतो आणि त्यात ब्रेक आणि वळण असे दोन संसार चालवायचे असतात. पूर्ण पगार ब्रेकवर गेला की वळायला शिल्लक राहत नाही. त्यात तुम्ही चाक पूर्ण फिरवलंत, म्हणजे टायर आडवा होऊन बर्फ नुसता खरवडत गेला. पुढची चाकं घसरली की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग थोडं *सरळ* करायचं आणि चाकं धरायची वाट बघायची. मन नेमकं उलटं सांगतं, आणखी फिरव म्हणतं. मागची बाजू सुटली तर जिकडे जायचंय तिकडे बघायचं आणि तिकडेच स्टिअरिंग द्यायचं, पाय दोन्ही पेडलवरून वर. गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंगही लगेच परत आणायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोका घेते. तो दुसरा झोकाच वाईट.

मी रात्रीच जास्त चालवतो, म्हणून एक वेगळी भीती सांगतो. दिसणाऱ्या पांढऱ्या बर्फाला माणूस घाबरतो तरी. ब्लॅक आइस पारदर्शक असतो, त्यातून खालचं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. माझ्या दोन खुणा आहेत. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, आणि टायरचा सरसर आवाज अचानक बंद झाला. गाडीत एकदम शांत वाटलं की मी पाय उचलतो. पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. झाडांच्या सावलीतले तुकडे दुपारपर्यंत गोठलेले राहतात. आणि गाडीतला आकडा हवेचा असतो, रस्त्याचा नाही. निरभ्र रात्री आकडा २-३ दाखवत असताना रस्ता शून्याखाली गेलेला असू शकतो.

अजून एक, थंडी जितकी जास्त तितका बर्फ निसरडा असं नसतं. शून्याच्या आसपास वितळणारा ओला बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त घसरवतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठावरही विसंबू नका, उणे १० च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही.

नवा भिडू

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी (धागाकर्तीची नाही, पण वाचणाऱ्यांत असतीलच): पाय उचलताच जोरात ब्रेक लागल्यासारखं होतं ना, ते रीजनरेशन बर्फात कमी करून ठेवा. निसरड्या वळणावर नुसता पाय उचलला आणि माझी मागची चाकं सुटली होती. वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोलही बंद.

आणि टपावरचा बर्फ झाडून निघा हो! पहिल्या ब्रेकला सगळा थर काचेवर येतो.

घसरगुंडी

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे.

रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात गेले. खांब नाहीत, गाड्या नाहीत, नुसता दाबलेला बर्फ. ताशी २० वर नेऊन मुद्दाम ब्रेक पूर्ण दाबला. तोच खर्रर्र आवाज आला आणि पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्यांदा पण तेच! तिसऱ्यांदा दात आवळून दाबून धरला. थडथडत, कुरकुरत गाडी थांबली. मग ब्रेक धरूनच स्टिअरिंग जरासंच वळवलं आणि नाक खरोखर वळलं. पूर्ण फिरवलं की परत सरळ. रातपाळी, तुमचा पगार पटला.

सोमवारी उतार. माथ्यावर जवळजवळ थांबले, एल टाकला, ताशी १० च्या आसपास. मागचा हॉर्न वाजवत होता, वाजवू दिला. रेघेच्या गाडीभर आधी थांबले आणि उगाच पाच सेकंद तशीच बसले. हिवाळी टायर गुरुवारी बसवून मिळणार आहेत, चारही.

आता शेवटचा प्रश्न. संध्याकाळी तोच रस्ता चढायचा असतो. काल पुढची गाडी मध्येच थांबली, मागे मीही. नंतर चाकं नुसती गरगर फिरली. शेवटी उलटी खाली आणून परत चढवली. अर्ध्या चढावर अडकलं तर काय करायचं?

जुना चालक

अडकायचंच नाही. पुढची गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत खाली सपाटीवर थांबा, मग एका लयीत चढा, मध्ये वेग वाढवू नका, कमीही करू नका. चाकं फिरायला लागली तर पाय उचला, गरगर फिरवून खालचा बर्फ आणखी गुळगुळीत होतो. अडकलातच तर पायाखालच्या चटया पुढच्या चाकांच्या पुढ्यात घट्ट खुपसा आणि अगदी हलका पाय द्या. तरी जागची हलत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं गरगरू न देणारी यंत्रणा) तेवढ्यापुरता बंद करून बघा, वर पोचल्यावर आठवणीने चालू करा. चटई टाकल्यावर गाडीच्या मागे कुणाला उभं करू नका, चाकाखालून ती सणकन मागे सुटते.