दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मग सीपॅपच्या टाकीत पाणी कशाला?

भांडुपचा रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी. वय ५६, पंचवीस वर्षं छापखान्यात रात्रपाळी केली. मे महिन्यात स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला आणि उशाशी सीपॅप मशीन आलं. ते नळी आणि मास्कमधून नाकात दाबाने हवा सोडतं, आणि ती हवा ओली करायला त्याला पाण्याची टाकी असते. घोरणं थांबलं, बायको खूश. मशीन बसवायला आलेल्या मुलाने "टाकीत रेषेपर्यंत डिस्टिल्ड पाणी, सेटिंग ४" एवढं सांगितलं आणि पुढच्या घरी पळाला.

आता जुलै. घरभर दोऱ्या बांधल्यात, जीन्स तीन दिवसांत वाळत नाही, मिठाला पाणी सुटलंय. अशा हवेत माझ्या नाकाला वेगळं पाणी कशाला, म्हणून एका रात्री टाकी कोरडीच ठेवली. तीनला जाग आली तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली, घसा खरवडल्यासारखा. दुसऱ्या रात्री रागाने सेटिंग ७ केलं. पहाटे नळीत गुडगुड आणि नाकावर थेंब! आम्ही वरच्या मजल्यावर, त्यामुळे मला वाटलं स्लॅब गळतोय. बायकोला उठवून छतावर टॉर्च मारत बसलो.

आणखी एक. एसी २० वर असला की सकाळी टाकी अर्ध्याच्या खाली. परवा पावसाने गारवा होता, एसी बंद, खिडकी उघडी, तर पाणी जेमतेम उतरलं. हे काय गौडबंगाल?

जाता जाता: एसीच्या पाइपाखाली बादली भरते. ते पाणी डिस्टिल्डच ना? चौथ्या मजल्यावर कॅन चढवून गुडघे गेले.

लालबागचा एसीवाला

काका, उत्तर तुमच्या बादलीतच आहे. ते पाणी खोलीच्या हवेतलंच. एसीची कॉइल गार असते, हवा तिच्यावरून गेली की तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन गळते. बाहेर २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता म्हणजे एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी. तुमच्या बंद खोलीत २२ अंश आणि ५० टक्के धरा, उरतं १० ग्रॅमच्या आत-बाहेर. फुप्फुसाला हवा लागते ३७ अंशांची, वाफेने भरलेली, म्हणजे ४४ ग्रॅमची. मधला फरक नाक भरून काढतं. कपडे बाहेरच्या खोलीत आहेत काका, तुम्ही झोपता दुसऱ्याच गावात.

पण ते पाणी टाकीत घालू नका, हात जोडतो. ट्रेमध्ये धूळ, बुरशी आणि जी बुळबुळ असते ती मी रोज बोटांनी काढतो. जेवायच्या वेळी सांगण्यासारखी नाही.

मुलुंडची पेंगुळलेली

सहा वर्षं मास्क लावून झोपतेय, माझे दोन आणे.

टाकीत पाणी उकळत नाही, फवाराही उडत नाही. तळाला धातूची पत्री आहे बघा, ती खालच्या गरम प्लेटवर टेकते. पाणी कोमट होतं, पंख्याची हवा त्याच्या पृष्ठभागावरून सरकते आणि जाताना वाफ उचलते. बस, एवढंच. सेटिंग वाढवलं की प्लेट जास्त तापते.

पाणी जातं कुठे म्हणाल तर बरंचसं खोलीतच. मास्कला बारीक भोकं असतात, आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून. त्यांतून मिनिटाला ३०-४० लिटर हवा सतत वाहते, म्हणजे तासाला दोनेक घनमीटर. प्रत्येक घनमीटरला १२ ग्रॅम पाणी घातलं तर आठ तासांत जवळजवळ २०० मिली. खिडकी उघडी असताना हवा आधीच ओली होती, म्हणून टाकी वाचली.

आणि तुमचा स्लॅब: कोमट ओली हवा २० अंशांच्या खोलीतल्या नळीतून जाते, नळी गार, वाफेचं पाणी होतं. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, इथे तो आतून येतो. एसी २५ वर न्या, नळीला कापडी खोळ घाला, सेटिंग एकेकाने बदला. मशीन डोक्यापेक्षा उंच आहे का? खाली ठेवा, म्हणजे थेंब परत टाकीकडे जातील. गरम होणारी नळीही मिळते, पण तुमच्या मॉडेलला बसते का ते आधी विचारा.

तोंड उघडं पडत असेल तर मात्र कितीही पाणी घाला, कोरडच. हवा नाकातून शिरून तोंडातून निसटते आणि नाक वाळवत जाते. वहिनींना एकदा बघायला सांगा. तसं असेल तर मास्कबद्दल डॉक्टरांशी बोला.

डिस्टिल्डच का? वाफ उडते, क्षार मागे राहतात, पत्रीवर पांढरा थर धरतो. नळाचं उकळून गार केलेलं पाणी एखाद्या रात्री चालून जातं, जंतू मरतात पण क्षार तसेच राहतात. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी अजिबात नको. सकाळी उरलेलं ओतून द्यायचं, सौम्य साबणाने टाकी धुऊन सावलीत वाळवायची. कालच्या पाण्यावर आजचं भरायचं नाही.

भांडुपचा रात्रपाळीवाला

चार दिवसांनी कळवतोय. मशीन डोक्यावरच्या फळीवर होतं, ते स्टुलावर आणलं. बायकोने जुन्या गोधडीची खोळ शिवली, नळी आता बाळंतिणीसारखी गुंडाळलेली असते. एसी २५, सेटिंग ४. गुडगुड बंद. तोंडाचं विचारलं तर म्हणाली, "दिवसा मिटत नाही, रात्री मिटलेलं असतं."

बादलीने आता बाल्कनी धुतो. गणपतीला रेल्वेने सावंतवाडीला जायचंय, टाकी भरून नेली तर चालेल?

मुलुंडची पेंगुळलेली

नाही हो! पाणी पंख्यात गेलं की मशीन गेलं. टाकी काढून, कोरडी करून बॅगेत. आणि तिकीट काढतानाच खालचा बर्थ बघा, प्लगजवळचा.