चावडीच्या भिंतीतली १९१४-१९१९ ची पाटी कशी वाचवावी?

सावित्रीकाठ
महाड तालुक्यातलं आमचं गाव. मी डोंबिवलीला असतो, पण गणपती आणि शिमगा चुकवत नाही. यंदा पालखी जुन्या चावडीपुढे थांबली तेव्हा दाराशेजारच्या पाटीकडे नजर गेली. संगमरवरी, दीड हात रुंद. वरच्या भागावर निळा ऑइलपेंट, मधे निवडणुकीच्या पोस्टरची खळ, खाली गुटख्याच्या पिचकाऱ्या. पिचकाऱ्या ताज्या होत्या.

नखाने खरवडून वाचली. मजकूर इंग्रजीत आहे. या गावातून २३ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही.

त्या चौघांत माझ्या पणजीचा धाकटा दीर. आजी सांगायची, तो बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेला आणि तिकडेच राहिला. वारल्याची तिथी कळलीच नाही, म्हणून त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला. आम्ही आजही वाढतो. घरात त्याचा फोटो नाही, बिल्ला नाही, कागद नाही. त्याची लेखी खूण म्हणजे पाटीवरचा तो ४ चा आकडा, आणि त्याच्यावर लोक थुंकतात.

पावसाळ्यानंतर चावडी पाडून नवी इमारत होणार आहे. ठेकेदार म्हणतो, दगड अख्खा निघाला तर बाजूला ठेवू. पाटी साफ कशी करायची, काढायची कशी, परवानगी कोणाची? आणि त्या चौघांची नावं कुठे मिळतील?

टाकीचा घाव
जुन्या वाड्यांच्या दगडकामात वीस वर्षं आहे, म्हणून आधी काय करू नका ते सांगतो. अ‍ॅसिड नको. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं औषध, काहीच नको. संगमरवर आम्लात विरघळतो, शंभर वर्षांची अक्षरं एका दुपारीत बोथट होतील. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरही नको.

खळ साध्या पाण्याने भिजवून निघेल. रंगाला पाण्याने धुता येणारं पेंट रिमूव्हर घ्या, आधी कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागी लावून बघा. रंग फुगला की लाकडी पट्टीने सोडवा. अक्षरांत शिसं किंवा काळा रंग भरलेला असेल तर तो उकरू नका. गुटख्याचा डाग दगडात मुरतो. मुलतानी मातीचा पाण्यातला जाड लेप द्या, वर प्लास्टिक, दुसऱ्या दिवशी उघडून वाळू द्या, मग काढा. दोन-तीन वेळा करावं लागेल. सगळा जाईल असं नाही.

पहार लावली की पाटी मधोमध तडकते. चारी बाजूंचा गिलावा छिन्नीने मोकळा करा, मागे लोखंडी खुंट्या असतील तर हॅक्सॉने कापा. नेताना उभीच धरा, आडवी नेलीत तर स्वतःच्या वजनाने मोडेल. आणि हे पाडकाम सुरू व्हायच्या आधी, काढण्यापूर्वी जागेवरचे फोटो घेऊन.

निवृत्त सुभेदार
परवानगीचं सोपं आहे. ग्रामसभेत ठराव घ्या: पाटी कुठे बसवायची, तोवर कोणाच्या ताब्यात. ठरावाची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा इथे लागेल असं कोणी सांगेल, पण तो झेंडा, संविधान आणि राष्ट्रगीतापुरता आहे. ठरावच कामाला येईल.

तिथी का कळली नसेल याचा एक अंदाज. आपल्या बाजूचे बरेच लोक मराठा पलटणीत. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमारीने शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत पडला त्याची तारीख कोण लिहिणार?

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर लोकांचं. तिथेही गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा पलटणीमागे नुसता आकडा. तुमच्या पाटीसारखंच. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये याबद्दल माफी मागितली. नावं त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतात, पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही असतं. रायगड टाकू नका, कोलाबा टाका. १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नाव तेच होतं. आडनावं साहेबाने ऐकली तशी लिहिलीत, तेव्हा स्पेलिंग बदलून बदलून बघा.

रोखठोक
इंग्रजांच्या साम्राज्यासाठी इंग्रजांच्या पगारावर मेले त्यांना शहीद का म्हणायचं? पाटी त्यांनीच लावली. संग्रहालयात देऊन टाका.

सावित्रीकाठ
शहीद हा शब्द मी लिहिलेला नाही. पाटी इंग्रजांनी लावली हे खरं. पण आमची जमीन वरकस, नाचणी शिमग्यापर्यंत पुरत नसे, आणि घरात पाच भाऊ. बसरा कुठे आहे हे त्याला बोटीत बसल्यावर कळलं असेल.

मी रोज सीएसएमटीला उतरतो. ११ ऑगस्ट २०१२ ला तिथलं अमर जवान स्मारक फोडलं. ते सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांचं, १८५७ मध्ये इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेल्या शिपायांचं. ते तर इंग्रजांविरुद्धच मेले होते ना? लाथ मारणारा कोण कोणासाठी मेला हे विचारत नाही, थुंकणाराही नाही.

सुभेदार साहेब, टाकीदादा, खूप आभार.

पळसाचं पान
नावं शोधताना एक करा. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. माझे पणजोबा, आम्ही खेडचे, तिच्यात होते. आमच्या गावाने नवी पाटी केली तेव्हा भावकीने आपापली नावं दिली आणि यादी संपली म्हणाले. पेन्शनचं पुस्तक घेऊन माझे वडील तीनदा गेले, तेव्हा पणजोबांचं नाव चढलं. तुमच्या २३ मध्ये बौद्धवाडीतले कोण, मोहल्ल्यातले कोण, हे ग्रामसभेच्या आधी घरोघर जाऊन विचारा.

सावित्रीकाठ
१ मेच्या ग्रामसभेत ठराव झाला. पाटी शाळेच्या पडवीत बसणार, खाली नावांसाठी जागा सोडून. टाकीदादांनी सांगितलं तसं तिघांनी मिळून काढली, एक कोपरा उडाला, बाकी अख्खी आहे. गुटख्याचा पिवळा डाग राहिलाय.

चौघांतली दोन नावं मिळाली. एक बौद्धवाडीतल्या काकांच्या ट्रंकेतल्या कागदावरून, दुसरं संकेतस्थळावर, गावाच्या नावासकट. आमचा अजून सापडलेला नाही. आडनावाची अकरा स्पेलिंगं वहीत लिहून काढलीत. सात बघून झाली.