शब्दचर्चा : 'नॅव्हिगेशन' – स्लाइड घेणे आणि स्लाइडवर जाणे

मूळ प्रश्न

आमच्या वाचनालयात कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळयोजनेवर छोटं प्रदर्शन मांडतोय. दाराशी एक टचस्क्रीन आहे, त्यावर चोवीस स्लाइड्स : कात्रजचा तलाव, जमिनीखालचे दगडी नळ, वाटेतले उच्छ्वास (नळातली हवा बाहेर पडायचे दगडी खांब) आणि शेवटी पेठांमधले हौद. समजावून सांगायला तिथे कोणी नसेल, बघणाऱ्याने स्वतःच पुढे जायचं. पण वाटेल तिथे उडी मारता कामा नये. पाणी ज्या वाटेने गावात आलं त्याच वाटेने त्याने यावं, आणि गावात पोचल्यावर हवा तो हौद निवडावा.

स्वयंसेवकांसाठी सूचनापत्र लिहिताना 'व्ह्यूअर नॅव्हिगेशन कंट्रोल'पाशी, म्हणजे बघणाऱ्याने कुठून कुठे जायचं ते आपण ठरवणं, यापाशी अडलो. 'प्रेक्षक-सुचालन-नियंत्रण' असं लिहून बघितलं. पहिल्याच काकूंनी कागद परत दिला : "यात मी नक्की करायचं काय, ते लिही." दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

'सुचालन' चुकीचा नाही, पण तो चालवणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. मूळ लॅटिन शब्दात 'नाव' (होडी) आणि 'हाकणे' आहे. त्यातली नाव आणि आपली संस्कृत 'नौ' एकाच कुळातल्या. म्हणून जहाजाला 'नौकानयन' आणि विमानाला 'दिक्चालन' शोभतं, तिथे सुकाणू धरणारा असतो. तुमच्या टचस्क्रीनपुढे उभा असलेला माणूस काहीच हाकत नाही, तो बघत बघत फिरतोय. 'विचरण' (हिंडणं-फिरणं) अर्थाने बरोबर बसेल, पण सूचनापत्रात नको, काकू पुन्हा कागद परत देतील.

प्रतिसाद

वरच्या ताईंनी चालवणारा आणि बघणारा अशा दोन बाजूंचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. मी गेली अनेक वर्षं व्याख्यानांना लॅपटॉपवर बसतो. व्यासपीठावरून कोणी मला 'नॅव्हिगेट कर' म्हणत नाही. म्हणतात, "पुढची घे", "जरा मागे घे", "ती नकाशाची परत घे". स्लाइड *घेतात*. श्रोता जागेवर असतो, चित्र हलतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर दाखवायचे खेळ सुरू केले (शंबर हा मायावी असुर, त्यावरून ते सुंदर नाव), तिथेही काच सरकवणारा निराळा आणि बघणारा निराळा. टचस्क्रीनवर हे उलटं होतं : बघणारा स्लाइडवर *जातो*. त्यामुळे एकच शब्द शोधू नका. बोलणाऱ्यासाठी 'घेणे', बघणाऱ्यासाठी 'जाणे'. मराठीने हा भेद आधीच करून ठेवलाय.

आता कामाचं. पॉवरपॉइंटमध्ये 'ट्रान्झिशन्स'मधली 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढली की पडद्याला बोट लावून स्लाइड पुढे जात नाही, पण कीबोर्डचा बाण आणि स्पेसबार चालूच राहतात. पुष्कळजण इथेच फसतात. पुरा बंदोबस्त हवा तर 'सेट अप स्लाइड शो'मध्ये जाऊन 'किऑस्क'चा (चालवायला कोणी नसलेल्या पडद्यासाठीचा) पर्याय घ्या. मग तुम्ही ठेवलेली बटणं आणि लिंक एवढंच चालतं. शिवाय एस्केप चालतं, म्हणून कीबोर्ड कपाटात ठेवा. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही तर शो आपोआप पहिल्या स्लाइडवर येतो. एका स्लाइडवर जरी बटण ठेवायचं राहिलं तरी माणूस तिथेच अडकतो, तेव्हा चोवीसच्या चोवीस तपासा.

प्रतिसाद

'किऑस्क'ला 'टपरी' म्हणू नये ही विनंती. मूळ फारसी-तुर्की शब्द बागेतल्या महालाचा, मंडपाचा. तुमच्याकडेही विक्री नाहीच. आणि 'नियंत्रण' तर नकोच. पंढरपूरला आपण दर्शनबारी म्हणतो, 'भाविक-गमन-नियंत्रण' म्हणत नाही. बारी माणसाला अडवत नाही, देवापर्यंत नेते. लक्ष्मी रोडवर पाटी असते 'एकेरी मार्ग', आणि ती वाचून सायकलवरचा मुलगासुद्धा काय ते समजतो. माझं मत : पुढे-पुढेच जाता येतं ती 'एकेरी वाट', आपण ठरवून दिलेली ती 'आखीव वाट', हवं तिथे जाता येतं ती 'मोकळी वाट'.

मूळ प्रश्नकर्ता

'आखीव वाट' घेतला. सूचनापत्राचं पहिलं वाक्य आता असं आहे : "बघणाऱ्याला आखीव वाटेने नेणे, हौदांच्या पानावर वाट मोकळी सोडणे." काकूंनी एकदा वाचलं आणि थेट खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसल्या.

काल संध्याकाळी पहिल्यांदा चालवून बघितलं. किऑस्कचा पर्याय तेव्हा घेतला नव्हता. चौथीतली एक मुलगी आली आणि पडद्यावर टकटक बोटं मारत सुटली. तलाव, नळ, उच्छ्वास सगळे भराभर गेले आणि काळा पडदा आला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "संपलं?" मला फार वाईट वाटलं. उच्छ्वासाच्या चित्रासाठी आम्ही तीन रविवार उन्हात फिरलो होतो. रात्री बदल केले आणि आज तिला मुद्दाम बोलावलं. बोट मारून काही हलेना, तेव्हा ती थांबली, खाली 'पुढे' वाचलं, आणि मग चित्राकडे बघितलं. "हा दगडी खांब कशाला?" असं तिने विचारलं. नळातली हवा बाहेर पडायला, असं सांगितलं.

एक शब्द मात्र तिच्यामुळेच सुटला. मी दोन्ही बटणांवर 'मागे' लिहिलं होतं : एक आधीच्या क्रमांकाच्या स्लाइडवर नेणारं आणि दुसरं जिथून आलो तिथे नेणारं. फडके हौद बघून तिला हौदांच्या यादीवर यायचं होतं. तिने पहिलं 'मागे' दाबलं आणि भलत्याच हौदावर गेली. "मला मागे नाही, परत जायचंय," म्हणाली. पॉवरपॉइंटमध्येही ही दोन बटणं वेगळीच आहेत, मीच दोन्हींवर एक शब्द चिकटवला होता. आता क्रमाने आधीची ती 'मागे', आणि जिथून आलो ती 'परत'.

पहिल्या स्लाइडवर नेणाऱ्या बटणाला 'मुख्यपान' लिहिलंय, ते कोरडं वाटतं. 'तलावापाशी' लिहिलं तर चालेल का?