हेवी लायसन हातात आलंय, पहिली गाडी कोणाची धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातला, वडवणी तालुका. वय २३. मागच्या महिन्यात हेवीचं लायसन आलं. त्याआधी दोन वर्षं पिकअपवर होतो, रात्री भाजीपाला भरायचा आणि पहाटे बीडला नाहीतर संभाजीनगरला जाधववाडीत उतरवायचा. आता मोठ्या गाडीवर जायचंय. दोन ठिकाणी बोलणं झालंय, सोमवारपर्यंत एकाला होकार द्यायचाय. घरात या लायनीतलं कोणीच नाही, म्हणून इथं विचारतोय.

एक जालन्याचे मालक आहेत. चार दहाटायरी गाड्या, सगळ्या सळईच्या लोडिंगला. पगार नाही, ट्रिपवर हिशोब. महिन्याला पंचवीस-तीस हजार सुटतात असं ते सांगतात. कामावर आल्याबरोबर ५० हजार उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला तयार आहेत. अट अशी की ओरिजिनल लायसन त्यांच्याकडं राहील आणि उचल फिटेपर्यंत दुसरी गाडी धरायची नाही. कधीमधी दोन-तीन टन वर घ्यावा लागतो, हेही त्यांनी बोलता बोलता सांगून टाकलं.

दुसरी वाळूजची ट्रान्सपोर्ट कंपनी. कंटेनरच्या गाड्या, कारखान्यांचे पार्ट, जास्त करून चाकणची लाईन. पहिले तीन महिने जुन्या ड्रायव्हरसोबत सेकंड म्हणून बसायचं, १४ हजार आणि वर रोजचा भत्ता. नंतर गाडी हातात दिली की १८. पीएफ कापतात. उचल मिळत नाही.

नुसता आकडा बघितला तर जालना. पण उचल हा शब्द आमच्या घरात साधा नाही. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तसा हिशोब असतो. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास बैलगाडी जुंपायची आणि उन्हाळा लागेपर्यंत फडावर. लहानपणी मी पाचटाच्या कोपीत झोपलोय. हंगाम संपून पट्टा पडला की वडील मुकादमाच्या वहीसमोर बसायचे, आणि दरवर्षी थोडी बाकी निघायचीच. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत चढायची. एका वर्षी आईचं पोट दुखत होतं तरी ती मोळ्या वाहत होती, कारण खाडा पडला तर तोही वहीत लागतो.

आता माझी अडचण नीट सांगतो. यंदा आई-वडिलांनी अजून उचल घेतलेली नाही. आईची कंबर गेलीय, तिला खाली बसून उठवत नाही. जालन्याचे ५० हजार आणले तर हे दोघं या वर्षी घरी राहू शकतात. बहिणीची नर्सिंगची फीसुद्धा त्यातूनच निघेल. म्हणून मला ते पैसे सोडवत नाहीत.

दुसरी भीती कामाची आहे. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जुनी सहाचाकी आणि कायम रिकामी. भरलेली गाडी मी आजपर्यंत एकदाही चालवली नाही. मागच्या आठवड्यात ओळखीच्या एका ड्रायव्हरसोबत सरकी पेंडीच्या गाडीत मांजरसुंब्याहून बीडकडं घाट उतरलो. अर्ध्या घाटात ब्रेकचे लायनर तापल्याचा जळका वास केबिनमध्ये आला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले आणि अर्धा तास आम्ही नुसतं बसून राहिलो. माझ्या एकट्याच्या हातात गाडी असती तर मी थांबलो असतो का, हे मला खरंच सांगता येत नाही.

तर अनुभवी लोकांनी सांगावं. नव्या पोरानं उचल घ्यावी का? लायसन ठेवून घेणं बरोबर आहे का? मालक चांगला की वाईट, हे कामाला लागायच्या आधी कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

लेकरा, २६ वर्षं झाली स्टेअरिंग धरून. जालन्याची सळई मी हैदराबादला, नागपूरला, कुठं कुठं पोचवलीय. जालन्याचे सगळेच मालक वाईट नसतात, हे आधी सांगतो. पण तू सांगितलेल्या अटींवर मी माझ्या पोराला पाठवणार नाही.

लायसन कोणाच्याच ताब्यात द्यायचं नाही. झेरॉक्स दे, मागितल्या तर चार दे. तुझा कागद त्याच्या कपाटात गेला की सुट्टी मागतानासुद्धा तुझा आवाज खाली येतो. डिजिलॉकरमधलं लायसन रस्त्यावर चालतं, २०१८ पासून तसा नियम आहे, पण म्हणून ओरिजिनल सोडून द्यायचं असं नाही.

आता ते दोन-तीन टन. दहाटायरीला २०१८ साली गाडी आणि माल धरून २८.५ टनांपर्यंत वाढवून मिळालंय, तरी तुझ्या गाडीच्या आरसी बुकावर जो आकडा असेल तोच खरा. त्याच्यावर गेलास तर कायद्यात २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. वरचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. वजनकाट्यावर उभा राहणार तू, मालक फोनवर असणार. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट सांगतो. सळई हा पुढं येणारा माल आहे. नीट बांधलेली नसेल आणि जोरात ब्रेक मारावा लागला तर ती केबिन फोडून आत येते. मी अशी केबिन डोळ्यानं बघितलीय. भरलेली गाडी कधी न चालवलेल्या माणसानं सळईनं सुरुवात करू नये.

घाटाचं म्हणशील तर ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, कोणी कितीही सांगो. ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही. तुझ्यासोबतचा माणूस थांबला ते शहाणपणाचं केलं. हे सगळं शेजारी बसून शिकायला मिळतं, म्हणून वाळूजचे तीन महिने मला पगारापेक्षा मोलाचे वाटतात.

पण वाळूजवालाही तपासून घे. गाडीचा नंबर घेऊन एम-परिवहनवर टाक, इन्शुरन्स आणि फिटनेसची तारीख दिसते. गाडीजवळ जा, पुढच्या टायरांवरून हात फिरव, तिथं रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर असेल तर तोंडावर विचार. डिझेलचं अ‍ॅव्हरेज किती धरतात आणि कमी बसलं तर कोणाच्या पगारातून जातं? माल कमी भरला, खोकं फुटलं, तर कोण भरतं? चलन कोणाचं? अपघात झाला तर वकील कोण देणार? मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा कायदा होता, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८; २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय. लायनीवर कामाचे तास पाळणारे थोडे, पण तू विचारलंस की समोरचा काय तोंड करतो ते बघ.

सगळ्यात कामाचा प्रश्न मालकाला विचारायचा नसतो. जो ड्रायव्हर त्याची गाडी सोडून गेलाय त्याला शोध, ढाब्यावर दोन दिवस चहा प्यालास तर सापडतो. त्याला विचार, शेवटचा हिशोब दिला का?

आणि बाबा, कोणी मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन टँकरचं आमिष दाखवलं तर आत्ता जाऊ नको. त्याला घातक मालाचं वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर तशी नोंद लागते. वर्षभरानंतर त्याचा विचार कर.

प्रतिसाद २

दादा, माझे मिस्टर ट्रेलरवर आहेत. त्यांनी लग्नाआधी ४० हजार उचल घेतली होती, ती फिटायला अडीच वर्षं लागली, कारण घरी काही निघालं की त्याच मालकाकडं हात पसरावा लागायचा. बहिणीच्या फीचं म्हणाल तर आधी कॉलेजात जाऊन महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा राहिला आहे का ते विचारा. तिचा कास्ट आणि उत्पन्नाचा दाखला तयार आहे का?

धागाकर्ता

काका, ताई, मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवले. लायसन ठेवून घेणार म्हटल्यावर ते लगेच नाही म्हणाले. उचलीवर मात्र बराच वेळ गप्प होते.

ताई, कास्टचा दाखला आहे, उत्पन्नाचा संपलाय. उद्या बहिणीला घेऊन सेतूवर जातो.

जालन्याची गाडी सोडून गेलेल्या एका ड्रायव्हरचा नंबर मिळाला. त्याचा सात महिन्यांपासूनचा हिशोब अजून बाकी आहे. वाळूजच्या जुन्या ड्रायव्हरला गेवराईजवळ ढाब्यावर गाठलं. पगार उशिरा होतो, पण होतो, आणि सोडणाऱ्याला पूर्ण पैसे मिळतात, असं तो म्हणाला. सोमवारी वाळूजला जातोय, टायर आणि कागद बघूनच हो म्हणेन.

आईचं अजून ठरलं नाही. वडील म्हणतात यंदा मी एकटाच अर्ध्या कोयत्यावर जातो, ती घरी राहील. अर्ध्या कोयत्याला मुकादम किती उचल देतात आणि तेवढ्यात घर भागतं का, हे कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.