मदत हवी आहे: टँकरच्या पाण्यातलं क्लोरीन तुमच्या सोसायटीत कोण तपासतं?

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात धायरीत राहतो. २०२५ च्या जानेवारीत इथल्या नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट वाढले तेव्हा सगळे खडबडून जागे झालेले, पाणी उकळा, टाकी धुवा, बाहेरचं खाऊ नका, महापालिकेची माणसं पण घरोघरी फिरत होती. आता सगळं थंड पडलंय.

उन्हाळ्यात आमचं निम्मं पाणी टँकरचं असतं. वॉचमनकाकांना क्लोरीन बघायचं ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टचं किट दिलंय, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. पण किती पिवळं यावर रोज वाद, आणि टँकरवाला तोवर पाइप लावून मोकळा! नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं एवढं माहितीये. सेक्रेटरी म्हणतात घरोघरी आरओ आहे, कशाला उगाच खर्च. अहो पण दात घासायला, कोथिंबीर धुवायला आरओचं पाणी कोण घेतं?

कोणाकडे हे नीट बसलंय का? टँकर परत पाठवायचा अधिकार कोणाला दिलाय? खर्च मेंटेनन्समधून करता का? आणि जंतूंच्या तपासणीला सॅम्पल कुठे देता? रविवारी मीटिंग आहे, त्याआधी सांगा प्लीज.